जुन्या टेक्निक्सला कुठलं कार्ट्रिज? आधी आर्म बघ, मग पाकीट

राजारामपुरीतनं एका पोरानं विचारलंय, थोडक्यात असं: "काका, आजोबांनी कुवेतहून आणलेला टेक्निक्स एसएल-डी२ रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरनं खाली काढला, फिरतोय झकास पण सुईचं टोकच गायब आहे. हेडशेलमध्ये टेक्निक्सचंच २७०सी आहे. एक मित्र म्हणतोय डेनॉनचं डीएल-१०३ घे, दुसरा म्हणतोय ऑर्टोफॉन २एम रेड, दुकानदार म्हणतोय काही पण घ्या, बसतंय. आजोबा म्हणतात पूर्वीपण एलपीच्या शेवटच्या गाण्यात 'स' फाटायचा, ते कशानं? आणि त्यांच्या ७८ च्या तबकड्या याच्यावर वाजतील का?"

दुकानदार खोटं बोलत नाही, बसतंय खरं. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारी, आवाज उचलणारी डबी. तिच्या दोन स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि तुझ्या डेकसारख्या सुट्या हेडशेलला (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा तुकडा) या मापाचं कुठलंही कार्ट्रिज लागतं. पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. माझ्याकडं "कार्ट्रिज खराब झालंय बघा" म्हणून जे येतात त्यातली बरीचशी खराब नसतातच, एक तर आर्मशी जुळत नसतात नाहीतर वाकडी लावलेली असतात. म्हणून कंपनी आणि किंमत बाजूला ठेव, आधी आर्मचं, म्हणजे कार्ट्रिज तबकडीवर धरणाऱ्या लांब दांड्याचं बोलू.

कार्ट्रिजची सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते, ती दांडी म्हणजे कँटिलिव्हर, आणि तो आत एका इवल्याशा रबरात रोवलेला असतो. ते रबर म्हणजे शॉकअप समज आणि आर्म म्हणजे त्याच्यावर बसलेली गाडी. लुनाचं शॉकअप बुलेटला लावलं तर खड्डा नसतानापण डुलत राहील, आणि बुलेटचं लुनाला लावलं तर प्रत्येक खडा कमरेत बसेल. रबर किती मऊ त्याला कम्प्लायन्स म्हणतात, आर्म हलताना किती जड वागतो त्याला इफेक्टिव्ह मास. दोन्ही मिळून एक ठराविक डुलण्याचा वेग तयार होतो, तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडला पाहिजे. त्याच्या खाली गेला की तबकडीचा वाकडेपणा आणि खोलीतनं चालणाऱ्याची पावलं आर्मला नाचवायला लागतात (तबकडी वाकडी असली की वूफर आत-बाहेर पंप होताना दिसतो बघ, तेच ते), आणि फार वर गेला की गाण्याच्या खर्जात लुडबूड करतो.

हिशोब सोपा आहे, मोबाइलवर होतो. आर्मचं इफेक्टिव्ह मास अधिक कार्ट्रिज अधिक स्क्रू, सगळं ग्रॅममध्ये, त्याला कम्प्लायन्सनं गुणायचं, वर्गमूळ काढायचं, आणि १५९ ला त्यानं भागायचं. एसएल-१२०० एमके२ च्या आर्मचं इफेक्टिव्ह मास हेडशेल धरून १२ ग्रॅम आहे, तुझा एस आकाराचा आर्म त्याच जातकुळीचा आहे, तेव्हा १२ च धरू. ऑडिओ टेक्निकाचं व्हीएम९५ई ६.१ ग्रॅमचं, स्क्रू अर्धा ग्रॅम, झाले १८.६. आता कम्प्लायन्स, आणि इथं बरेच जण फसतात. जपानी कंपन्या हा आकडा १०० हर्ट्झला मोजून छापतात, युरोपवाले १० ला, आणि आपल्याला पाहिजे असतो १० चा. व्हीएम९५ई चा छापील आकडा ७, तो दीड ते दोननं गुणायचा, १२ धर. उत्तर येतं साधारण साडेदहा हर्ट्झ, बरोबर मधोमध. ऑर्टोफॉन २एम रेड ७.२ ग्रॅमचं आणि कम्प्लायन्स २०, त्याचं येतं बरोबर ८. म्हणजे चालेल, पण काठावर. तुझ्याकडं वाकड्या तबकड्या असतील (माळ्यावर आडव्या ठेवल्या असतील तर असणारच) तर मी ते घेणार नाही.

आता डीएल-१०३. हे १९६० च्या दशकात जपानच्या सार्वजनिक रेडिओसाठी, एनएचकेसाठी, बनवलेलं कार्ट्रिज, आणि अजून बनतंय, त्याला नावं ठेवायची माझी टाप नाही. पण ते मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी आहे (सुईबरोबर आतली कॉइल हलते), आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, आणि व्हीएम९५ई चं ४ मिलिव्होल्ट. तेरापट कमी! तुझ्या अँपच्या साध्या फोनो इनपुटला लावलंस तर आवाजापेक्षा घरघर जास्त ऐकू येईल, त्याला एमसी फोनो स्टेज नाहीतर स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर पाहिजे, तो खर्च वेगळा. वर सुई झिजली की घरी बदलता येत नाही. मित्राकडं ते सगळं असेल तर त्यानं खुशाल वाजवावं, पहिल्या कार्ट्रिजला तू त्या वाटेला जाऊ नकोस.

२७०सी टाकायच्या आधी मात्र एकदा तपास. मल्टिमीटर ओहम्सवर ठेवून डाव्या जोडीचा आणि उजव्या जोडीचा रेझिस्टन्स बघ, दोन्ही जवळपास सारखे आले तर कॉइल शाबूत आहे, एक बाजू उघडी दाखवली तर विषय संपला. (हे मूव्हिंग मॅग्नेट आहे, सुईबरोबर मॅग्नेट हलतो, त्याला मीटर चालतो, मूव्हिंग कॉइलला लावू नकोस.) बॉडी चांगली असेल तर नुसती डुप्लिकेट सुई मिळते आणि बऱ्यापैकी वाजतेपण. पण या डुप्लिकेट सुयांचं मला काही सांगू नका. एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं मी "ओरिजिनल इलिप्टिकल" (लंबगोल टोकाच्या) म्हणून दोन मागवल्या, खिशातल्या मायक्रोस्कोपखाली बघतोय तर एकीचं टोक चक्क तिरकं चिकटवलेलं आणि दुसरी साधी गोल. परत घेतल्या नाहीतच. तेव्हापासनं सुई आली की आधी मायक्रोस्कोप, मग तबकडी.

तर माझं मत सरळ व्हीएम९५. कारण असं की याची बॉडी एकच आहे आणि पुढची सुई ओढून काढता येते, त्याच बॉडीला साधी गोल, इलिप्टिकल, मायक्रोलाइन, शिबाटा, सगळ्या लागतात. आज इलिप्टिकल घे, हात बसला की नंतर चांगली सुई घे, बॉडीला परत हात लावायला नको. मायक्रोलाइनवाला इलिप्टिकलच्या अडीच-तीनपट महाग पडतो म्हणून लोक बिचकतात, पण कंपनीच सांगते की इलिप्टिकल साधारण ३०० तास आणि मायक्रोलाइन १००० तास. ताशी भाव काढलास तर दोघं एकाच पंक्तीला बसतात. ३०० तास म्हणजे वीस मिनिटांची एक बाजू धरली तर नऊशे बाजू, साडेचारशे एलपी. रोज एक ऐकलीस तर सव्वा वर्ष. तरीपण पहिली सुई स्वस्तातलीच घे, कारण पहिली सुई प्रत्येकाच्या हातनं मोडते. माझ्या हातनं मोडली, तुझ्यापण मोडेल.

कार्ट्रिज यायच्या आधी दोन-तीन गोष्टी बघून घे. एक, लिफ्ट. लिव्हर खाली केल्यावर आर्म तरंगत खाली आला पाहिजे, धपकन पडत असेल तर आतलं घट्ट सिलिकॉन ऑइल वाळलंय, आधी ते कर, नाहीतर नवी सुई पहिल्याच दिवशी आपटून जाईल. दोन, आर्मची बेअरिंग. आर्म शून्यावर बॅलन्स करून हळूच फुंकर मार, न अडखळता सरकला पाहिजे, आणि हेडशेल चिमटीत धरून अगदी हलक्या हातानं हलवल्यावर खुळखुळ जाणवता कामा नये. तीन, हेडशेलच्या मागं चार पितळी टाचण्या असतात आणि आर्मच्या नळीत चार स्प्रिंगच्या, त्या काळ्या पडतात. खोडरबरानं पुसून काढ, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब. "एक चॅनेल गेलाय" म्हणून आलेल्या कितीतरी डेकांना मी एवढंच केलंय आणि चहा पाजून परत पाठवलंय.

आता बसवणं. पहिलं काम, व्हीएम९५ ची सुई ओढून काढ आणि डबीत ठेव, डबी लांब ठेव. वायरींचे रंग: पांढरा डावा प्लस, निळा डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवा उजवा मायनस. कार्ट्रिजच्या पिनांवर तेच रंग असतात. क्लिप बारीक पोपटपकडीनं धरून सरळ ढकल, सैल असेल तर काढून किंचित दाब, घट्ट असेल तर दात कोरायच्या काडीनं जरा फाकव. काही झालं तरी पिनेला डायरेक्ट सोल्डरिंग करायचं नाही, उष्णता आत जाऊन कॉइलची तार सुटते, मग रडत बसायचं. स्क्रू हलकेच लाव, कार्ट्रिज मागंपुढं सरकलं पाहिजे इतपतच.

मग ओव्हरहँग, म्हणजे सुई तबकडीच्या मधल्या खुंटीच्या किती पुढं जाते ते. टेक्निक्सचं हे सोपंय, डेकबरोबर प्लास्टिकचं गेज यायचं, ते हरवलेलं असणार म्हणून माप सांगतो: हेडशेलच्या मागच्या टोकाला रबरी वॉशर टेकतो त्या काठापासनं सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. सुई परत लाव, कागदावर दोन रेघा मारून घे, हेडशेल बाजूनं धरून त्याच्यावर जुळव, सुईला हात लागायला नको. कार्ट्रिजची बॉडी हेडशेलला समांतर ठेव, स्क्रू आवळ. झालं.

पण मग लोक नेटवरनं प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायचा कागद) प्रिंट करून आणतात आणि म्हणतात काका हे तर जुळतच नाही. त्याची कारणं दोन. पहिलं झेरॉक्सवाला, तो "फिट टू पेज" वर ठेवून ९७ टक्क्यांत छापतो आणि सगळी मापं मुसळ केरात. कागदावरची १०० मिलिमीटरची रेघ पट्टीनं मोजून घेतल्याशिवाय त्या कागदावर विश्वास ठेवू नको. दुसरं कारण खरं आहे. आर्म एका टोकाला बांधलेला असल्यामुळं सुई चापात फिरते आणि खोबणीशी अगदी सरळ फक्त दोनच ठिकाणी असते. बेअरवाल्डच्या हिशोबात ती ठिकाणं मध्यापासनं ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, स्टीव्हन्सनच्या हिशोबात आतलं ठिकाण ६०.३ वर, म्हणजे तबकडीच्या जवळजवळ शेवटालाच. टेक्निक्सचं ५२ चं माप दुसऱ्या पद्धतीकडं झुकतं, म्हणून बेअरवाल्डच्या कागदावर ते चुकल्यासारखंच दिसणार. बाहेरचे लोक बेअरवाल्डच्या बाजूनं भांडतात, एकूण सरासरी त्याचीच बरी आहे हे खरंय. पण आपलं ऐकणं वेगळं आहे की नाही बघ. आपल्या शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या एलपीत बाजूच्या सुरुवातीला आलाप निवांत चाललेला असतो आणि द्रुत, तानांचा पाऊस, नाहीतर भैरवी, हे सगळं शेवटी येतं, लेबलजवळ. जिथं सगळ्यात अवघड तिथंच सगळ्यात अवघड गाणं! म्हणून मी आपल्या गाण्यांसाठी कंपनीचं ५२ च ठेवतो.

हेच तुझ्या 'स' चं पहिलं उत्तर. तबकडी ३३⅓ नं फिरते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदात. बाहेरच्या काठाला सुईखालनं सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण जाते, आत लेबलजवळ फक्त २१. तोच 'स' निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्याच्या नागमोडी इतक्या आखडतात की गोल टोकाची जाड सुई त्यात उतरतच नाही, वरच्या वर घासत जाते. इलिप्टिकलची कड त्या मानानं बारीक, मायक्रोलाइनची त्याहून, म्हणून फरक पडतो.

दुसरं उत्तर जरा कडू आहे. आजोबांकडं कुवेतच्या आधी एखादा सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर होता का विचार. त्यात क्रिस्टल नाहीतर सिरॅमिक कार्ट्रिज असायचं, चांगलं पाच-सहा ग्रॅम वजन टाकून चालायचं, आणि क्रिस्टलचा जीव म्हणजे रोशेल सॉल्ट, ते हवेतली ओल पितं. आपल्याकडचे जुलै-ऑगस्ट त्याला किती मानवत असतील बघ की! आवाज बसला की घरातलं कोणीतरी आर्मवर नाणं चिकटवायचं. त्या नाण्यानं ज्या खोबणी खरवडल्या त्या आता कुठल्याच सुईनं भरून येत नाहीत. म्हणून सेटिंग तपासायला आजोबांची सगळ्यात लाडकी एलपी घेऊ नको, ती सगळ्यात जास्त झिजलेली असते. कोणी फारशी न वाजवलेली शोध, त्याच्यावर 'स' स्वच्छ आला तर तुझं काम बरोबर झालंय.

वजन. अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली चकती) शून्यावर ठेव, काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागचं वजन, फिरवून आर्म हवेत आडवा तरंगू दे, मग वजन न हलवता नुसती आकड्यांची रिंग ० वर आण, आणि आता सगळंच एकत्र फिरवून २ वर. व्हीएम९५ई ला १.८ ते २.२ चालतं, बरोबर २ ठेव. लोकांना वाटतं कमी वजन म्हणजे तबकडीची काळजी, तसं नाही, हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती फोडते. कमीपेक्षा दोन दशांश जास्त परवडलं.

रिंगवर माझा पूर्ण भरवसा नाही, चाळीस वर्षांच्या डेकवर तर नाहीच, म्हणून डिजिटल काटा घे, स्वस्तात मिळतो. इथं माझी गोष्ट सांगतो. पंधरा-एक वर्षांपूर्वी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडनं त्याचा जुना काटा आणला, सोनं मोजणारा, मला वाटलं याच्यापेक्षा भारी काय असणार. गिऱ्हाइकाचं शुअर कंपनीचं कार्ट्रिज होतं. आर्म खाली आणला, सुई काट्यापासनं बोटभर वर असताना कार्ट्रिज एकदम खाली खेचलं गेलं आणि टक्, कँटिलिव्हर आडवा. काट्याचं ताट लोखंडी, आणि कार्ट्रिजमध्ये मॅग्नेट! माझ्या डोक्यातच आलं नाही. सुई जपानहून मागवून स्वतःच्या पैशानं भरून दिली. तेव्हा काटा घेतल्यावर आधी त्याच्यावर साधा मॅग्नेट लावून बघ, चिकटला तर तो काटा चपातीच्या पिठाला ठेव. आणि मोजताना सुई तबकडीच्या उंचीवरच टेकली पाहिजे, मॅट काढून काटा ठेवलास की उंची जवळपास जमते.

अँटिस्केटिंग पण २ वर ठेव, त्याच्यावर जास्त डोकं लावू नको. उंचीचं पण तसंच. सुई तबकडीवर असताना आर्म बाजूनं आडवा दिसला की बस. या लांबीच्या आर्मला मागची बाजू ४ मिलिमीटर वरखाली केली तेव्हा कुठं एक अंश फरक पडतो, लोक एका कागदाच्या जाडीवरनं रात्र रात्र वाद घालतात, घालू देत. समोरनं मात्र नीट बघ: बंद तबकडीवर छोटा आरसा ठेवून त्याच्यावर सुई टेकव, कँटिलिव्हर आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एका रेघेत आलं पाहिजे. मध्ये कोन दिसला तर हेडशेल जरा सैल करून फिरव.

पुढं कधी जड कार्ट्रिज घ्यायचा नाद लागला आणि काउंटरवेट मागं सरकून संपलं तर घाबरू नको, उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं जा, मूळ वजनाचं माप दे, पितळेची एक चकती दहा मिनिटांत कातून देईल. फक्त काउंटरवेट त्याच्या हातात देऊन येऊ नको, माप घेऊन जा. मी एकदा दिलं होतं, वर्कशॉपच्या बुशांच्या ढिगात गेलं ते गेलंच.

केबल वाढवू नको. व्हीएम९५ ला केबल आणि अँप मिळून १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स पाहिजे (केबल जितकी लांब तितका तो जास्त), मीटरभर जादा केबल जोडली की त्यातच शंभरच्या आसपास वाढतात आणि वरचा आवाज चिरका होतो, मग परत म्हणशील 'स' टोचतोय. अँप जवळ आण. ग्राउंडची वायर अँपच्या स्क्रूला लाव, नाहीतर घूंऽऽ येणार. आणि डेक देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीला असेल तर हलव. उदबत्तीची काजळी आणि फोडणीची वाफ मिळून तबकडीवर जो थर बसतो तो सुईच्या टोकाला मेणासारखा गोळा होतो, पार्टी म्हणते सुई गेली, ब्रश फिरवला की आली. ब्रश मागनं पुढं, बाजूनं कधीच नाही.

राहिलं ७८ चं. तुझ्या डेकवर ३३ आणि ४५ एवढंच आहे, तेव्हा या डेकवर नाही. आणि ७८ चा वेग मिळाला तरी एलपीची सुई त्याला चालत नाही, त्या खोबणी रुंद, तीन मिल म्हणजे ७६ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीची सुई तळाशी जाऊन कचऱ्यात खडखडते. पुढं ७८ वाला डेक हाताला लागला तर व्हीएम९५ मध्ये त्याचीपण सुई मिळते, एसपी नावाची. तोवर त्या तबकड्या उभ्या ठेव, आडव्या रचू नको, लाखेच्या आहेत, खालची तडकते. आणि आजोबांना विचार त्यात गायिका केसरबाई केरकरांची एखादी आहे का. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी, बाई त्यांच्या शागीर्द, त्यामुळं कोल्हापुरातल्या माळ्यावर सापडायचा संभव इतर गावांपेक्षा जास्तच. सापडली तर पुसायच्या आधी मला दाखव, स्पिरिट तर अजिबात लावू नको, लाख विरघळते. शनिवारी दुपारनंतर मी दुकानातच असतो.